एलिझाबेथ पार्करचा लाल सॅम्प्लर: प्रतिकृती भरण्याविषयी आणि तिच्या आयुष्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टी.६-१९५६ या क्रमांकाने नोंदलेले एक लिननचे कापड आहे. त्यावर इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या एलिझाबेथ पार्कर नावाच्या मुलीने सुमारे १८३० मध्ये लाल रेशमाने, केवळ क्रॉस स्टिचमध्ये (फुलीच्या टाक्यात), स्वतःची हकिकत भरली. जुन्या सॅम्प्लरची प्रतिकृती करताना पडणारे बहुतेक सर्व प्रश्न या एकाच कापडावर उभे राहतात, म्हणून उदाहरण म्हणून तेच घेतले आहे.

सॅम्प्लर म्हणजे नेमके काय, आणि हा सॅम्प्लर इतरांहून वेगळा कसा?

टाके, अक्षरे आणि किनारींचे नमुने शिकण्यासाठी किंवा पुढे उपयोगी पडावेत म्हणून जपून ठेवण्यासाठी भरलेल्या कापडाला सॅम्प्लर म्हणतात. तारीख असलेला, आज ज्ञात असलेला सर्वांत जुना ब्रिटिश सॅम्प्लर जेन बोस्टॉक हिने १५९८ साली भरला. त्यात ॲलिस ली या मुलीच्या १५९६ मधील जन्माची नोंद आहे आणि रेशमाबरोबर धातूच्या तारेचाही वापर आहे. पुढच्या दोन शतकांत सॅम्प्लर हा मुलींच्या शाळेतला नेहमीचा अभ्यास झाला आणि त्याचा साचाही ठरून गेला: वर मुळाक्षरे आणि आकडे, मध्ये एखादे धार्मिक पद्य, खाली घर, झाडे, पक्षी, आणि शेवटी भरणारीचे नाव, वय व साल.

एलिझाबेथच्या कापडावर यांतले जवळपास काहीच नाही. किनार, चित्र, मुळाक्षरे यांना फाटा देऊन सुमारे ८६ सें.मी. उंच आणि ७४ सें.मी. रुंद कापडावर तिने ओळीखाली ओळ असा सलग मजकूर भरला आहे. लांबून पाहिले तर तो छापील पानासारखा दिसतो, आणि जवळ गेल्यावर त्यातले प्रत्येक अक्षर म्हणजे मोजून घातलेल्या फुल्या आहेत हे ध्यानात येते.

एलिझाबेथ पार्कर कोण होती?

तिनेच सांगितल्याप्रमाणे तिचा जन्म १८१३ साली ॲशबर्नहॅम या गावी झाला. वडील तेथील अर्लकडे (उमरावाकडे) मजूर होते, आणि अर्लच्या पत्नीच्या आश्रयाने चालणारी धर्मादाय शाळा आई सांभाळत असे. एकूण अकरा भावंडे होती, आणि त्या सगळ्यांची नावे तिने ओळीने भरली आहेत. किशोरवयातच ती घर सोडून मोलकरीण म्हणून नोकरीला लागली. पुढे फेअरलाइट हॉल येथे ‘लेफ्टनंट जी.’ असा ज्या धन्याचा ती उल्लेख करते त्याच्या घरात तिचा अतोनात छळ झाला. धन्याचा वाईट हेतू तिने हाणून पाडला म्हणून तिला जिन्यावरून ढकलून देण्यात आले, असे ती लिहिते. त्यानंतरच्या मजकुरात आत्महत्येच्या विचारांशी तिने केलेला झगडा, पापाची भीती आणि ईश्वराची करुणा भाकणे हेच पुन्हा पुन्हा येते.

मात्र कापडावरचा मजकूर संपतो तिथे तिचे आयुष्य संपले नाही. ती पुढे ॲशबर्नहॅमच्या त्याच शाळेत शिक्षिका झाली आणि १८८९ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी वारली. प्रतिकृतीसोबत तिची ओळख देताना ही उत्तरार्धातली माहिती गाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती गाळली की वाचणाऱ्याच्या मनात सतरा वर्षांची दुःखी मोलकरीण तेवढी उरते, आणि पुढची कित्येक वर्षे मुलांना शिकवणारी बाई नाहीशी होते.

‘मला लिहिता येत नाही’ असे सुरुवातीलाच म्हणणारी मुलगी एवढा मजकूर कसा लिहू शकली?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये गरीब मुलींना वाचन आणि शिवण शिकवले जाई, परंतु टाक आणि शाई त्यांच्या हाती दिली जाईलच असे नव्हते. अक्षरे मात्र त्यांना सुईने काढता यावी लागत, कारण मोठ्या घरातल्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल यांच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरे व अनुक्रमांक लाल दोऱ्याने घालणे हे मोलकरणीच्या नेहमीच्या कामांपैकी एक होते. या कामाला ‘मार्किंग’ म्हणत, आणि ते क्रॉस स्टिचमध्येच होई. तेव्हा धन्याच्या कपड्यांवर धन्याचे नाव घालण्यासाठी जे कसब तिला शिकवले गेले, तेच तिने धन्याचे कृत्य सांगण्यासाठी वापरले. तिला पुढे-मागे कागदावर लिहिता येत होते की नव्हते हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. प्रतिकृती करणाऱ्याने ते वाक्य जसेच्या तसे भरावे.

तिच्यासारख्या सॅम्प्लर भरणारीचा इतिहास कोणत्या नोंदींतून शोधता येतो?

इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीच्या व्यक्तीसाठी चर्चच्या नोंदवह्यांचा आधार घ्यावा लागतो. एलिझाबेथच्या बाबतीत योगायोग असा, की १८१३ च्या जानेवारीपासूनच बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील रकान्यांत भरण्याचा कायदा लागू झाला आणि त्यात आईवडिलांच्या नावांबरोबर राहण्याचे ठिकाण व वडिलांचा व्यवसायही लिहिला जाऊ लागला. त्यात आईच्या व्यवसायाला रकाना नव्हता. आई शाळा सांभाळत होती हे आपल्याला कळते ते मुलीने भरलेल्या कापडावरून, हे नोंदवह्या चाळताना विसरू नये. शिवाय त्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची असेलच असे नाही.

त्यानंतर जनगणना पाहावी. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात, त्यामुळे २८ वर्षांची बाई तिथे २५ ची दिसली तर गोंधळू नये. जन्मगाव १८५१ पासून नोंदलेले मिळते, म्हणून एकाच नावाच्या दोन स्त्रिया वेगळ्या ओळखण्यासाठी तीच जनगणना अधिक उपयोगी पडते. ‘पार्कर’ हे आडनाव आपल्याकडच्या ‘जाधव’ किंवा ‘पाटील’ यांच्याइतकेच सर्रास आढळणारे आहे, त्यामुळे केवळ नाव आणि साल जुळले म्हणून माणूस तोच, असे मानणे धोक्याचे आहे. गाव, वडिलांचा धंदा आणि भावंडांची नावे यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. पूर्व ससेक्सचे दप्तर ब्रायटनजवळच्या ‘द कीप’ या अभिलेखागारात आहे. पुण्यात किंवा नागपुरात बसून सुरुवात करायची असल्यास ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर बऱ्याच अनुक्रमणिका विनामूल्य पाहता येतात.

हाती लागलेला सॅम्प्लर ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्यात जन्मलेल्या एखाद्या इंग्रज मुलीचा असेल, तर तिच्या बाप्तिस्म्याची नोंद ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात, ‘एन/३’ या मालिकेत शोधावी.

मजकुरात आद्याक्षरांनी आलेली माणसे कोण होती हे शोधून प्रतिकृतीसोबतच्या टिपणात लिहावे का?

शोध अवश्य घ्यावा, पण भरलेल्या कापडावर आद्याक्षरांच्या जागी पूर्ण नावे घालू नयेत. ‘अर्ल ऑफ ए.’ म्हणजे ॲशबर्नहॅमचा अर्ल हे उघडच आहे, तरीही तिने एकच अक्षर घातले. त्यामागे आदर होता, भीती होती की नुसती छापील पुस्तकांतली रीत होती, हे ठरवायला आपल्याजवळ साधन नाही. टिपणात एखाद्याचे नाव द्यायचेच असेल तर ते कोणत्या नोंदीवरून सिद्ध होते ते त्याच वाक्यात सांगावे.

छायाचित्रावरून भरण्याचा तक्ता कसा तयार करावा?

संगणकावर छायाचित्र टाकून आपोआप तक्ता बनवून देणाऱ्या प्रणाली या कामाला निरुपयोगी आहेत. त्या रंगांचे ठिपके मोजतात. इथे टाके मोजायचे आहेत. शक्य तितके मोठे छायाचित्र घ्यावे, आलेखाचा कागद किंवा तक्ते काढण्याची साधी प्रणाली घ्यावी आणि एकेक अक्षर हाताने उतरवावे.

प्रथम एखादे वारंवार येणारे अक्षर, समजा इंग्रजी ‘ई’, दहा ठिकाणी मोजावे. बहुतेक ठिकाणी ते सारखे निघेल, दोन-तीन ठिकाणी एखादी फुली कमी किंवा जास्त निघेल. या फरकांची सरासरी काढून एकच ‘ई’ सर्वत्र बसवण्याचा मोह होतो आणि तो टाळावा लागतो. त्यानंतर भिंगातून फुलीची वरची तिरपी बाजू कोणत्या दिशेला जाते ते पाहावे. ती मध्येच बदलत असेल तर भरणारीने कापड फिरवून धरले होते, किंवा काम काही काळ बाजूला पडून पुन्हा हाती घेतले होते, असा तर्क करता येतो. तो तर्कच आहे, पण तक्त्यात दिशा नोंदवून ठेवली तर तो पडताळण्याची सोय पुढच्या माणसाला राहते. अठराव्या शतकातल्या आणि त्याआधीच्या सॅम्प्लरवर काम करत असाल तर ‘जे’ आणि ‘यू’ ही अक्षरे मुळाक्षरांत नसणे ही चूक समजू नका. तेव्हा ‘आय’ आणि ‘व्ही’ यांवरच भागवण्याची पद्धत होती.

कापड कोणते घ्यावे?

आपल्याकडे क्रॉस स्टिच म्हटले की मॅटी किंवा दोसुती कापड समोर येते. हात बसवण्यासाठी ते उत्तम आहे, मात्र या प्रतिकृतीसाठी फार जाड पडते. लिननच घ्यावे, आणि त्याची वीण मोजून घ्यावी. त्यासाठी हिशेब सोपा आहे: मोजपट्टीसह काढलेल्या छायाचित्रात सलग दहा फुल्या किती मिलिमीटर जागा घेतात ते पाहावे आणि ५०८ ला त्या संख्येने भागावे. प्रत्येक फुली दोन धाग्यांवर घातली आहे असे धरल्यास येणारे उत्तर म्हणजे इंचाला लागणारे धागे. दहा फुल्या १४ मि.मी. घेत असतील तर ३६ धाग्यांचे कापड लागेल, सुमारे १२.७ मि.मी. घेत असतील तर ४० चे.

एक अडचण मात्र राहते. आजचे ‘इव्हनवीव्ह’ कापड दोन्ही दिशांनी सारखे असते, तर जुन्या लिननमध्ये उभे आणि आडवे धागे क्वचितच सारखे असतात, त्यामुळे मूळ अक्षरे किंचित चपटी किंवा किंचित उंच दिसतात. दोन्ही दिशांची मापे वेगवेगळी घेऊन, त्यांच्याशी जुळणारे, थोडे विषम विणीचे लिनन मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास प्रतिकृतीची उंची मुळापेक्षा बदलेल हे स्वीकारावे, पण मापे जुळवण्यासाठी ओळी वाढवू किंवा कमी करू नयेत.

लाल रंगाची छटा कशी ठरवावी? सुती दोरा चालेल का?

पहिला कृत्रिम रंग, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा जांभळा, १८५६ मध्ये निघाला आणि मंजिष्ठाच्या मुळांतले रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवणे १८६८ मध्ये जमले. म्हणजे १८३० च्या रेशमाचा लाल हा वनस्पतीपासून किंवा किड्यापासून काढलेला नैसर्गिक रंगच असणार. असे लाल मुळातच आजच्या झगझगीत लालपेक्षा खोल असतात. (दख्खनमध्ये याच कामासाठी मंजिष्ठाबरोबर आलाच्या झाडाची मुळे वापरत, जुन्या लुगड्यांचा लाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही छटा लगेच ओळखू येईल.) संग्रहालयाचे छायाचित्र प्रत्येक पडद्यावर वेगळे दिसते, म्हणून पडद्याशी दोरा जुळवत बसू नये. आपल्या ताब्यातल्या एखाद्या जुन्या सॅम्प्लरची प्रत करत असाल तर मागची बाजू पाहावी. तिथे प्रकाश पोहोचलेला नसल्यामुळे मूळ रंग बराचसा टिकून असतो. प्रतिकृती आजच्या फिकट रूपाची करायची की भरली तेव्हाच्या रूपाची, हे आधी ठरवावे आणि टिपणात नमूद करावे.

रेशीम घ्यावे हे उत्तम. ते परवडत नसेल तर अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांच्या सहा पदरी सुती दोऱ्यातला एकच पदर ३६ ते ४० धाग्यांच्या लिननवर चालतो. सुई बोथट टोकाची, २६ किंवा २८ क्रमांकाची असावी. सगळ्या लड्या एकाच लॉटमधल्या आणि एकदमच घ्याव्यात, कारण एकरंगी कामात लॉट बदलला की पट्टा उमटून दिसतो. भरायला घेण्यापूर्वी दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. लाल रंग सुटला तर त्या लड्या या कामाला घेऊ नयेत.

मुळातल्या चुका सुधाराव्यात का?

नाही. शुद्धलेखन, विरामचिन्हांचा अभाव, ओळीच्या शेवटी झालेली दाटी, सगळे जसेच्या तसे ठेवावे. उसवलेल्या जागाही महत्त्वाच्या असतात. जेन बोस्टॉकच्या सॅम्प्लरवर पूर्वी भरून नंतर उसवलेल्या आकृतींच्या खुणा अजून दिसतात. अशा खुणा प्रतिकृतीत भरायच्या नसतात, परंतु तक्त्याच्या कडेला त्यांची जागा दाखवून ठेवावी.

शेवटचे वाक्य अपुरे आहे. ते पूर्ण करावे का?

‘माझ्या आत्म्याचे काय होईल’ अशा अर्थाच्या शब्दांपाशी मजकूर थांबतो आणि खाली कापड कोरे राहते. त्या कोऱ्या जागेत पूर्णविराम, ‘समाप्त’, वेलबुट्टी किंवा एलिझाबेथची मृत्यूची तारीख घालणाऱ्या प्रतिकृती करू नयेत. जागा कमी पडली म्हणून ती थांबलेली नाही हे मुळात स्पष्ट दिसते, आणि हे दिसणे प्रतिकृतीतही टिकले पाहिजे. म्हणून कापड कापताना खालची कोरी जागा मुळाच्या प्रमाणात मोजून घ्यावी. चौकट करणाऱ्या कारागिराला ती ‘फुकट गेलेली जागा’ वाटते आणि तो ती दुमडून टाकतो, म्हणून त्याला आधीच बजावावे.

किती वेळ लागेल?

मजकूर दीड हजाराहून अधिक शब्दांचा आहे. शब्दाला सरासरी चार अक्षरे आणि अक्षराला बारा फुल्या धरल्या तरी सत्तर हजारांच्या पुढे फुल्या होतात. बारीक लिननवर सरावलेला हात तासाला शंभर-सव्वाशे फुल्या घालतो. म्हणजे कामाला सहाशे-सातशे तास सहज लागतील. एवढे शक्य नसेल तर पहिल्या काही ओळींची प्रतिकृती करावी आणि ती अंशतः आहे असे लिहावे. मधली छळाची ओळ तेवढी उचलून दिवाणखान्यात लावायला भरणे आम्हाला उचित वाटत नाही.

जुनाट दिसावे म्हणून कापड चहात बुडवावे का?

बुडवू नये. चहा-कॉफीतले आम्ल कापडात राहते आणि काही वर्षांत धागे ठिसूळ करते. शिवाय उमटणारे डाग खरे वाटत नाहीत. मळकट पांढऱ्या किंवा फिक्या बदामी रंगाचे तयार लिनन मिळते, ते घ्यावे.

हाच मजकूर मराठीत भरता येईल का?

येईल, मात्र त्याला प्रतिकृती म्हणू नये, नवे काम म्हणावे. देवनागरीसाठी अक्षरांची चौकटही बदलावी लागते. इंग्रजी लहान अक्षर पाच फुल्यांच्या उंचीत बसते. देवनागरीत शिरोरेषेची एक ओळ, तिच्याखाली अक्षरासाठी निदान सहा, वेलांटी व मात्रांसाठी वर तीन आणि उकारांसाठी खाली तीन, अशा तेरा ओळी तरी हव्यात. रुखवतात मांडलेल्या जुन्या ‘सुस्वागतम्’च्या चौकटी पाहिल्या तर भरणाऱ्या बायकांनी ‘स्व’सारखी जोडाक्षरे फुल्यांत कशी बसवली ते शिकता येते. पण तिथे एकच शब्द असतो. सलग मजकुरात जोडाक्षरे जागोजागी येतात, म्हणून आधी संपूर्ण मुळाक्षरांचा तक्ता करून मगच सुरुवात करावी.

मूळ सॅम्प्लर प्रत्यक्ष पाहता येतो का? तक्ता विकता येईल का?

संग्रहालयाचे नवे भांडार, ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊस’, २०२५ साली लंडनमध्ये खुले झाले असून तेथे ठरावीक वस्तू आगाऊ नोंदणी करून जवळून पाहण्याची सोय आहे. आपल्याला हवी असलेली वस्तू उपलब्ध आहे का, ते प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी विचारावे. तक्त्याच्या बाबतीत, दुसऱ्या कुणी बनवलेला तक्ता विकत घेतला म्हणून त्याच्या प्रती वाटण्याचा हक्क मिळत नाही. स्वतः मोजून काढलेला तक्ता विकायचा असेल तर ज्या छायाचित्रावरून तो काढला त्याच्या वापराच्या अटी आधी वाचाव्यात आणि व्यापारी वापरासाठी संग्रहालयाची लेखी परवानगी घ्यावी.

आपले नाव कुठे घालावे?

मागच्या बाजूला, खालच्या दुमडीत, स्वतःची आद्याक्षरे आणि भरल्याचे साल दोऱ्यानेच घालावे. कागदी चिठ्ठी निघून जाते, आणि पन्नास वर्षांनी एखादी चांगली प्रतिकृती जुनी म्हणून विकली जाण्याचा धोका राहतो.

आपल्या हवेत ती कशी जपावी?

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर हे दोन्ही शत्रू असतात. कापड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवू नये. आम्लविरहित पुठ्ठ्यावर ताणून मागून दोऱ्याने आवळावे. काच कापडाला टेकता कामा नये, म्हणून मध्ये पट्टी घालून निदान पाच मिलिमीटर जागा ठेवावी. चौकट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये आणि खिडकीसमोरही लावू नये, कारण लाल रेशीम उन्हाने उडते. गणपतीच्या सुमारास पावसाची उघडीप मिळाली की चौकट उतरवून मागची बाजू पाहावी. मागच्या कागदावर ठिपके दिसले तर तो लगेच बदलावा आणि कापड सावलीत, पंख्याखाली पूर्ण कोरडे झाल्यावरच पुन्हा बंद करावे.